झोपेची वही

लिफ्टनं दुसरा मजला सोडला तेव्हा हे झालं, आणि पाचवा यायच्या आत संपलंही. लिफ्टमध्ये मी होते, माझ्या कडेवर बोका होता, आणि सातव्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई होत्या. कुणाचंही मूल दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. बोका म्हणजे माझा मुलगा, सहा महिन्यांचा. जन्मला तेव्हा डोकं गोल, मान नाहीच आणि चेहऱ्यावर कायम कंटाळा, म्हणून नवऱ्यानं पहिल्याच दिवशी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बाईंनी त्याची लोकरीची टोपी डाव्या डोळ्यावर ओढली आणि "बुवाऽऽ कुक!" केलं. तो मूठ चोखत राहिला, हसलासुद्धा. मग त्यांनी टोपी उजव्या डोळ्यावर ओढली. तो किंचाळला. रडला नाही, किंचाळला, मान झाडून टोपी ओरबाडायला लागला. "अगंबाई, रागावला!" म्हणत बाईंनी टोपी वर केली आणि तो त्या क्षणी गप्प झाला. आता बाई पडल्या मास्तरीण, एकदा झालेली गोष्ट पुन्हा करून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. डावा डोळा झाकला, काही नाही. उजवा झाकला, किंकाळी. "एका डोळ्यानं खेळतो आणि दुसऱ्यानं भांडतो! लबाड आहे हो तुमचा," बाई म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. पाचवा मजला आला, दार उघडलं, आणि बाहेर पडताना माझ्या लक्षात आलं की माझे पाय गार पडले आहेत.

आत येऊन मी दिवाही न लावता बोक्याला पलंगावर बसवलं, पाठीला उशा दिल्या आणि माझ्या तळहातानं त्याचा डावा डोळा झाकला. तो माझ्या कानातल्याकडे बघत होता, बघतच राहिला. मग उजवा झाकला. त्याचं अंग ताठ झालं. डावा डोळा टक्क उघडा होता, माझ्या तोंडासमोर वीतभर अंतरावर, आणि त्यात मी नव्हते. हे मला नीट सांगता येत नाही. डोळा स्वच्छ होता, ओला होता, पापणी लवत होती, पण घरात कुणी नसताना खिडकी उघडी असावी तसा तो उघडा होता. मी चार वेळा करून बघितलं. पाचव्यांदा करायला हात उचलवेना.

मला ताबडतोब कळलं. एखादीला कळायला महिने लागले असते, निदान चार डॉक्टर पालथे घालावे लागले असते. मला उभ्या उभ्या कळलं, आणि त्याचं कारण माझी नोकरी. मी लोकांच्या रात्री वाचते. इस्पितळाच्या तळमजल्यावर आमचा झोप तपासणीचा विभाग आहे. रात्रपाळीवाले माणसाच्या डोक्याला, पापण्यांच्या कडेला, हनुवटीला तारा चिकटवून त्याला झोपवतात, आणि सकाळी मी येऊन त्याची झोप पडद्यावर उघडते. तीस सेकंदांचं एक पान. आठ तास झोपलेल्या माणसाची नऊशे साठ पानं. प्रत्येक पानावर ठरवायचं की हा आत्ता जागा आहे, डुलकीत आहे, गाढ आहे की स्वप्नात आहे. स्वप्नाच्या पानांवर डोळ्यांच्या दोन रेघा नाचतात. डावा आणि उजवा, एकमेकांच्या उलट, आरशासमोर आरसा धरल्यासारख्या. सोळा वर्षं मी हे करते आहे. लोक विचारतात, दिवसभर दुसऱ्यांची झोप बघून तुम्हाला झोप येत नाही का? मी सांगते, हलवायाला विचारा गोड खातो का. लोक हसतात. खरं म्हणजे मला झोपेबद्दल देवाबद्दल वाटावा तसा आदर आहे. झोपलेल्या माणसाला उठवणाऱ्याचा मला राग येतो. आमच्या विभागात पाय वाजवून चालणाऱ्या शिपायाची मी दोनदा तक्रार केलेली आहे.

अशा बाईला मूल झालं, आणि ते झोपेना. पहिले दोन महिने बोका चाळीस मिनिटांच्या वर झोपला असेल तर शपथ. सासूबाई मदतीला आल्या होत्या. त्या म्हणायच्या, "अगं, सगळीच लेकरं अशी. तुझा नवराही असाच जागायचा." पण सगळ्या लेकरांच्या आया माझ्यासारख्या नव्हत्या. मला चाळीस मिनिटं हा आजार वाटत होता. मी वही घातली. चौकटीची वही, एका दिवसाला एक पान, एका चौकटीला दहा मिनिटं. झोपलेली चौकट पेन्सिलीनं भरायची, जागी कोरी. दूध, औषध, पाहुणे, खोलीतला उजेड, जे काही बदललं असेल ते पानाच्या कोपऱ्यात खुणेनं नोंदवायचं. कामावरची शिस्त. सासूबाई टोपी विणता विणता चष्म्यावरून बघायच्या. "मूल आहे का रेल्वेचं वेळापत्रक?" असं एकदा म्हणाल्या. मी उत्तर दिलं नाही, कारण बोका नुकताच झोपला होता. तो झोपला की आमच्या घरात भांडं वाजायचं नाही. नवरा गाडी चालवायला शिकवतो, दिवसभर शिकाऊ लोकांवर ओरडून त्याचा आवाज मोठा झालेला. तोसुद्धा घरात आला की ओठ हलवून बोलायचा. बोक्याची नखं वाढली होती. बाळाची नखं झोपेत कापतात, हे मलाही माहीत होतं. पण मिळालेल्या चाळीस मिनिटांत त्याच्या बोटाला हात लावायची माझी छाती नव्हती. उद्या कापू, उद्या कापू. अकराव्या आठवड्यात त्यानं स्वतःच्याच नखानं स्वतःचा डावा डोळा ओरबाडला.

कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, वरून कापसाची मऊ गादी ठेवली आणि पट्टी लावली. "बुबुळावर बारीकसा ओरखडा आहे. लहान मुलाचं भरून यायला वेळ लागत नाही," ते म्हणाले. "परवा सकाळी पट्टी काढून टाका. डोळा उघडा राहू दे. लांबवू नका, बरं का." बरं का हे ते सगळ्यांनाच म्हणतात. त्या दुपारी बोका सलग तीन तास झोपला. मी आधी घाबरले, मग नाकाशी बोट धरून बघितलं, मग बाजूला बसून चौकटी भरत गेले. अठरा चौकटी. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. अर्धा उजेड कमी झाला म्हणून असेल, थेंबांमुळे असेल किंवा त्याचं वयच झोपेचं झालं असेल; पण मी सोळा वर्षं कारण आणि परिणाम शेजारी शेजारी मांडत आले आहे, आणि त्या दिवशी बदललेली गोष्ट एकच होती. मी पानाच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका काढला. काळा ठिपका म्हणजे पट्टी.

परवाची सकाळ झाली. तो झोपला होता. झोपलेल्याची पट्टी काढायची म्हणजे उठवायचं. दुपारी काढू म्हटलं. दुपारी वाटलं, एक दिवस जास्त विश्रांती मिळाली डोळ्याला तर काय बिघडलं? मिटलेल्या डोळ्याला काय होणार आहे? तिसऱ्या दिवशी डॉक्टरांची चिकटपट्टी सैल झाली, तेव्हा मी माझ्याकडची लावली. आमच्या विभागात कागदी पट्टी असते, रात्रभर चेहऱ्यावर राहते आणि निघताना कातडीला कळत नाही. ती लावण्या-काढण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. झोपलेल्या माणसाची सुटलेली तार मी अशी चिकटवते की त्याचा श्वासही बदलत नाही. बोक्याची गादी मी रोज त्याच्या झोपेत बदलत होते. डोळा स्वच्छ पुसायचा, पापणी मिटलेलीच असायची, नवी गादी, नवी पट्टी. त्याला पत्ता लागायचा नाही. म्हणजे दिवसातून एकदा तरी तो डोळा उजेडात उघडला असता, तेवढंही मी माझ्या कौशल्यानं होऊ दिलं नाही. पाचव्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, "अजून पट्टी? म्हातारा दोन दिवस म्हणाला होता ना?" मी म्हटलं, "मी फोन केला होता. राहू दे म्हणाले." हे मी इतकं सहज बोलले की पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं. आठव्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, त्यांनाही तेच. बाराव्या दिवशी त्याच्या गालावर पट्टीनं पुरळ आलं, तेव्हा मी ती काढली. गालासाठी काढली. डोळा मला आठवलाही नव्हता.

आणि मला माहीत होतं. हे मी कुणाला सांगू? आमच्या विभागप्रमुखांना आम्ही पाठीमागे जांभईसाहेब म्हणतो, कारण झोपेवर व्याख्यान देताना ते स्वतः जांभया देतात. तीनेक वर्षांपूर्वी शिकाऊ डॉक्टरांसमोर त्यांचं व्याख्यान होतं, आणि त्यासाठीचे तक्ते मी काढले होते. बाळ एवढं का झोपतं? नुसतं वाढायला नाही, बघायला शिकायला. डोळा जन्मतः तयार असतो, पण बघणारा मेंदू नसतो. जागेपणी डोळ्यांनी जे आणून दिलं ते मेंदू झोपेत पक्कं करतो. जिथून बातमी आली ती वाट रुंद करायची, जिथून आली नाही ती बुजवायची. जांभईसाहेबांनी मांजराच्या पिल्लांचं सांगितलं. पिल्लांचा एक डोळा काही तास झाकला. मग काहींना अंधारात झोपू दिलं, काहींना अंधारातच जागं ठेवलं. जी झोपली, त्यांच्या मेंदूनं झाकलेल्या डोळ्याकडे जास्त पाठ फिरवली. तक्त्यावर दोन खांब होते, एक आखूड, एक लांब. लांब खांब मी जांभळा रंगवला होता, कारण पडद्यावर जांभळा उठून दिसतो. साहेबांनी कौतुक केलं, मग चहा झाला. तो जांभळा खांब म्हणजे झोप. आणि मी माझ्या लेकराचा डोळा झाकून, घरातले आवाज बंद करून, पडदे ओढून, बारा दिवस त्याच्या उशाशी बसले आणि एकेक चौकट भरत गेले.

लिफ्टनंतर तिसऱ्या दिवशी मी त्याला मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नवऱ्याला सांगितलं, नेहमीची तपासणी. बाई तरुण होत्या, केस वर बांधलेले, टेबलावर दिव्याचं बदक. त्यांनी करड्या रंगाचे पुठ्ठे काढले. प्रत्येक पुठ्ठ्यावर एका बाजूला काळ्या-पांढऱ्या रेघा, दुसरी बाजू नुसती करडी. बाळाला दिसत असेल तर ते रेघांकडे बघतं, एवढी साधी गोष्ट. डावा डोळा झाकल्यावर बोक्यानं रेघा पकडल्या. जाड, मग बारीक, मग आणखी बारीक. बाई "शाब्बास रे गुलामा" म्हणत होत्या. उजवा झाकला तेव्हा तो ओरडला, मग दमला, मग त्यानं सगळ्यात जाड रेघांकडेही बघितलं नाही. बाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी थेंब घालून आत बघितलं, भिंगं धरून बघितलं, पुन्हा बघितलं.

"काच स्वच्छ आहे. नंबर नाही. ओरखड्याचा डागही राहिलेला नाही," त्या म्हणाल्या. "ओरखड्याच्या वेळी पट्टी लावली होती का?"

"हो."

"किती दिवस?"

त्या फाईलमध्ये लिहीत होत्या. पेन कागदावर टेकलेलं होतं.

"दोन," मी म्हणाले.

"नक्की? या वयात आठवडाभर जरी डोळा झाकला गेला ना, तरी नजर जाते. म्हणून विचारतेय."

"दोनच. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं."

पेन चाललं. दोन हा आकडा मला उलटा दिसला आणि तरीही वाचता आला. बाई खुर्चीत मागे टेकल्या. "मग कारण आत कुठंतरी शोधायला हवं. मागचा पडदा, नस. कधी कधी गाठ असते, डोळ्याच्या मागे किंवा डोक्यात. घाबरू नका, नसेलही. पण भूल देऊन नीट बघावं लागेल आणि त्याच झोपेत डोक्याचं स्कॅन करून घेऊ. सोमवारी पोट रिकामं ठेवून आणा." त्याच झोपेत, असं त्या म्हणाल्या. ती झोप नसते. भुलीची पानं मी बघितली आहेत. त्यांवर एकही खूण झोपेची नसते, सपाट समुद्रावर लाटा याव्यात तशा रेघा येतात आणि जातात. मी मान हलवली. हे सगळं टाळायला एक शब्द बोलायचा होता. बारा. मी बोक्याला टोपी घातली आणि बाहेर आले.

मध्ये चार दिवस होते. सकाळी बोक्याला पाळणाघरात ठेवून मी कामावर गेले, लोकांच्या रात्री वाचल्या, दुपारी त्याला घेऊन घरी आले. नवऱ्याला भूल आणि स्कॅन सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आपण करू सगळं. तू खचू नकोस. तू किती केलंयस त्याच्यासाठी." सासूबाईंचा फोन आला. त्या रडल्या आणि म्हणाल्या, "मला वाटलंच होतं तो तिरका बघतो. तुला बोलले नाही, तू आधीच दमलेली." सगळे माझ्याशी इतके चांगले वागत होते की मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटत होतं. बोका मात्र मजेत होता. दुपारी जेवून तृप्त माणसासारखा झोपायचा, दोन तास, अडीच तास. मी शेजारी बसून त्याच्या पापण्यांकडे बघायची. बाळाची अर्धी झोप डोळे हलवण्यात जाते. पापणीखाली बुबुळं इकडून तिकडे सरकत होती, दोन्ही बरोबर, डावंही. आत कसलं काम चाललं होतं ते मला ठाऊक होतं. आज काय आलं? उजवीकडून माझं तोंड आलं, बाटली आली, खिडकी आली, पंखा आला. डावीकडून? काही नाही. लिहा, काही नाही. मला वाटायचं त्याला गदागदा हलवून उठवावं. आणि सोळा वर्षांची सवय अशी की त्याच वेळी बाहेर कुणीतरी दार आपटलं की माझ्या तोंडून आपोआप श्शऽऽ निघायचं.

या चार दिवसांतली एक गोष्ट राहिली. ती मी सांगितली नाही तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. रविवारी दुपारी मी बाळाचे कपडे घड्या करून पिशवीत भरत होते, आणि माझ्या मनात आलं, सापडू दे. काहीतरी सापडू दे आत. छोटंसं, काढून टाकता येण्यासारखं, पण असू दे. मग सगळं त्याच्यावर जाईल. मग मी नसेन. हातात त्याची लोकरीची बंडी होती, माझ्या तळहाताएवढी. मी, त्याची आई, त्याच्या डोक्यात गाठ असावी म्हणून विनवणी करत होते, आणि कुणाला करत होते कुणास ठाऊक. मी खाली बसले. किती वेळ बसले माहीत नाही. बोका झोपला होता आणि घरात अजिबात आवाज नव्हता.

सोमवारी सकाळी तो उपाशी होता. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर, पांढऱ्या टाइलच्या खोलीत, नवऱ्याच्या खांद्यावर डोकं घासून घासून तो रडत होता आणि मी पिशवी धरून उभी होते. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांच्याबरोबर भूल देणारे डॉक्टर, जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याचे. ते अर्ज भरत विचारत होते. वजन किती, खोकला आहे का, कुठलं औषध सोसत नाही का. "आणि झोप कशी आहे साहेबांची?"

"झोपेचं तर विचारूच नका, डॉक्टर," नवरा म्हणाला. चार दिवसांत पहिल्यांदा तो हसला. "हिचं कामच ते. जन्मल्यापासून एकेका मिनिटाची नोंद आहे. थांबा, आणलीय मी." त्यानं एका हातानं बोक्याला सांभाळत माझ्या खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि वही काढली. मी ती पिशवीत ठेवली नव्हती. त्यानं ठेवली होती. उपयोगी पडेल म्हणून, आणि बहुतेक माझं कौतुक व्हावं म्हणूनही.

भूलवाले डॉक्टर पानं उलटायला लागले. "वा! अशी आई प्रत्येकाला मिळो." त्यांनी वही डॉक्टरीणबाईंकडे सरकवली. "बघा तरी." बाईंनी चार पानं बघितली, मग मागे गेल्या, मग पुन्हा पुढे. मला त्यांचं बोट दिसत होतं. अकराव्या आठवड्यावर ते थांबलं.

"हे कोपऱ्यातले काळे ठिपके कसले?" त्यांनी सहज विचारलं.

औषधाचे, असं म्हणता आलं असतं. थेंबांचे. पोटदुखीचे. माझ्या जिभेवर तिन्ही उत्तरं तयार होती आणि तिन्ही चांगली होती. नवरा माझ्याकडे कौतुकानं बघत होता, पुढचं समजावून सांगशील म्हणून. बोका त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे वळला होता. वळला म्हणजे मान वळवून उजवा डोळा माझ्यापर्यंत आणला होता. कधीपासून तो अशी मान वळवत होता? मला ते लाडिक वाटायचं. आम्ही त्याचे तसले फोटोही काढले होते.

"पट्टीचे," मी म्हणाले.

बाईंनी मोजले. ओठ हलत नव्हते, पण बोट एकेक पान पुढे जात होतं. नवऱ्याचं हसू अजून चेहऱ्यावर राहिलं होतं, त्याला काढायचं कळलं नव्हतं. "बारा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी वही मिटली, टेबलावर ठेवली आणि भूलवाल्या डॉक्टरांना म्हणाल्या, "आज लागणार नाही बहुतेक तुम्ही. थँक्यू." ते गेले. त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फाईलमधल्या दोनवर काट मारली आणि शेजारी बारा लिहिलं. भूल आणि स्कॅन तूर्त थांबवू म्हणाल्या. आता चांगला डोळा झाकायचा. उजवा. रोज तीन तास, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. महिन्यानं बघू; काहीच फरक नाही पडला तर स्कॅन आहेच. "एक लक्षात ठेवा. जागेपणाचेच तास धरायचे. पट्टी लावून झोपला तर ते फुकट. तो झोपायला बघेल, कारण त्याला काही दिसणार नाही. झोपू द्यायचं नाही."

"येईल ना नजर?" नवऱ्यानं विचारलं. माझ्याकडे न बघता.

"वेळ गेलाय. सगळा गेला असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "याहून जास्त मला नाही सांगता येणार."

नवऱ्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मी त्याच बाजूला बसले होते, बोक्याला मांडीवर घेऊन, आणि ते लोखंडी पेडल माझ्या बुटाला लागत होतं. चौथ्या सिग्नलला गाडी उभी असताना, समोर बघत तो म्हणाला, "मी विचारलं होतं तुला. पाचव्या दिवशी." मी हो म्हटलं. "फोन केला म्हणालीस." मी पुन्हा हो म्हटलं. सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न वाजवला, तरी तो क्षणभर निघाला नाही. "मला कळत नाही ना त्यातलं. तुला कळतं म्हणून गप्प बसलो," तो म्हणाला आणि त्यानं डावीकडचा आरसा बघून गाडी वळवली. घरी येईपर्यंत बोका दूध पिऊन तरतरीत झाला होता.

दुपारी मी पट्टी लावली. माझीच कागदी पट्टी, माझाच हात. या वेळी तो जागा होता, आणि जाग्या माणसाला पट्टी लावायची मला सवय नाही हे तेव्हा कळलं. दोनदा वाकडी लागली. तो किंचाळला, ओरबाडायला लागला; नखं कापलेली होती. नवरा आतल्या खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. मी पडदे सगळे सरकवले, दिवे लावले, खुळखुळा आणला, काळ्या-पांढऱ्या रेघांचा माझा एक जुना टॉवेल होता तो खुर्चीवर पसरला. वीस मिनिटं तो ओरडला. मग आवाज बारीक झाला. मग बंद झाला. त्यानं मूठ तोंडात घातली, उघडा डावा डोळा कुठंच लावला नाही, आणि त्याचं अंग माझ्या हातात हळूहळू जड व्हायला लागलं. हे जड होणं मला पाठ आहे. आधी मान, मग खांदे, मग बोटं सुटतात. बारा दिवस मी याच जड होण्याची वाट बघितली होती. दार उघडून नवरा बाहेर आला, त्यानं आम्हा दोघांकडे बघितलं आणि जुन्या सवयीनं ओठ हलवूनच विचारलं, झोपला?

मी बोक्याचे पाय ओल्या फडक्यानं पुसले. तो दचकला. मी त्याला उभा धरला, हलवला, "ऊठ, राजा, ऊठ" म्हटलं. माझा आवाज त्या खोलीत इतका मोठा कधी झाला नव्हता. डावी पापणी उघडली. मग मी बोलायची थांबले, कारण बोललं की तो आवाजाकडे वळतो आणि मला काही कळत नाही. श्वास रोखून मी माझं तोंड त्याच्यासमोर धरलं, आणि हळूच डावीकडे नेलं. डोळा जिथं होता तिथंच राहिला. मी परत आले आणि उजवीकडे गेले. डोळा जरा हलला, माझ्यावरून सरकत खिडकीच्या उजेडाकडे गेला आणि तिथं थांबला. तो उजेडाकडे बघत होता की उजेड नुसता त्याच्या डोळ्यावर पडला होता, हे मला ओळखता आलं नाही. नवरा दारात उभा होता. पापणी खाली यायला लागली, अर्धी, मग सगळी.

मी त्याला पुन्हा उठवलं.